कुत्रं चावलं? वाट पाहू नका, आधी नळ सुरू करा

“रक्त आलेलं नाही, नुसता ओरखडा आहे. तरी इंजेक्शन घ्यायचं का?”

“कुत्रं शेजाऱ्यांचंच आहे, त्याला लस दिलेली आहे. मग आपण कशाला घाबरायचं?”

“तिसरा डोस चुकला. आता पहिल्यापासून सुरू करायचं का?”

श्वानदंशाबद्दल वाचक विचारतात ते प्रश्न बहुतेक हेच असतात. प्रश्न साधे आहेत, पण त्यांची उत्तरं चुकली तर दुरुस्तीला जागा उरत नाही. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. उलट, लक्षणं दिसण्याआधी योग्य उपचार वेळेवर झाले तर हा आजार जवळजवळ नक्की टळतो. इतका जीवघेणा आणि तरीही इतका टाळता येण्याजोगा आजार दुसरा क्वचितच सापडेल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी देशातल्या १५ राज्यांत घरोघरी जाऊन केलेली पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७०० माणसं रेबीजने दगावतात. कुत्रं चावलेल्यांपैकी पाचातल्या एकाने लसीचा एकही डोस घेतलेला नव्हता. लस देशात उपलब्ध असताना हे घडतं आहे. म्हणून काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि दवाखान्यात काय मागायचं, हे सगळं इथे एका जागी देत आहोत.

निर्णयापुरतं विज्ञान

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेत असतो. जखमेतून तो आत शिरतो, तिथल्या नसेत पोचतो आणि नसेच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुतेकदा दोन-तीन महिने लागतात. क्वचित तो आठवडाभरात पोचतो, क्वचित वर्षही लागतं. चावा चेहऱ्यावर, डोक्यावर किंवा मानेवर असेल तर मेंदू जवळ असतो, म्हणून धोका अधिक. बोटांच्या टोकांशी नसांचं जाळं दाट असतं, म्हणून हाताच्या जखमाही गंभीर धरल्या जातात.

लस घेतली की शरीर विषाणूविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं बनवायला लागतं. त्याला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस जखमेपाशी पहारा हवा असतो आणि तो पहारा म्हणजे सिरम, अर्थात तयार प्रतिपिंडं. म्हणून उपचारांचे तीन भाग आहेत. धुण्याने विषाणूची संख्या कमी होते, सिरम उरलेल्याला जागीच अडवतं आणि लस टिकाऊ संरक्षण उभं करते. खोल जखमेला यातला एकही भाग वगळून चालत नाही.

पहिली १५ मिनिटं

दवाखाना गाठण्याआधी घरी किंवा जवळच्या नळावर हे करा:

- जखम वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं. साबणाने ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. साधा अंगाचा किंवा कपड्यांचा साबण चालतो.
- साबण नसेल तर नुसत्या पाण्याने धुवा, पण धुवाच.
- डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा.
- नंतर पोव्हिडोन आयोडिनसारखं जंतुनाशक लावा.
- जखम उघडी ठेवा. रक्त फारच वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि लगेच निघा.

हे करू नका:

- तिखट, हळद, चुना, तेल, माती, पाल्याचा रस यांतलं काहीही जखमेत भरू नका. यांनी जखम चिघळते आणि विषाणू आणखी आत ढकलला जातो.
- तोंडाने रक्त ओढू नका, जखम कापू नका, डागू नका.
- घाईने टाके घालून घेऊ नका. टाके अगदी अपरिहार्य असतील तर जखमेत आधी सिरम भरलं पाहिजे, मगच टाके, तेही सैल.
- मंत्र, गंडादोरा, पाठीला थाळी चिकटवून विष उतरवणं यात वेळ घालवू नका. चावणारी सगळीच कुत्री पिसाळलेली नसतात, त्यामुळे अशा उपायांनंतरही पुष्कळ माणसं ठणठणीत राहतात आणि त्याचं श्रेय उपायाला मिळतं. कुत्रं खरोखर पिसाळलेलं असतं तेव्हा याच भरवशावर जीव जातो.

तुमची जखम कोणत्या वर्गातली?

डॉक्टर उपचार ठरवतात ते जखमेच्या तीन वर्गांवरून. हे वर्ग तुम्हालाही माहीत असू द्या.

- वर्ग १: प्राण्याला हात लावला, खाऊ घातलं किंवा त्याने धडधाकट त्वचा चाटली. हे खात्रीने एवढंच असेल तर धुणं पुरेसं आहे, लस लागत नाही.
- वर्ग २: उघड्या त्वचेला दात निसटते लागले, रक्त न येता ओरखडा उठला किंवा खरचटलं. यात लस हवीच.
- वर्ग ३: दात त्वचेच्या आत गेले, ओरखड्यातून रक्त आलं, आधीच्या जखमेवर प्राण्याने चाटलं किंवा लाळ डोळ्यात, तोंडात गेली. यात लस आणि सिरम दोन्ही हवं.

म्हणजे “रक्त नाही, नुसता ओरखडा” हा लस टाळण्याचा आधार नव्हे. रक्त आलं की नाही याची शंका असेल तर वरचा वर्ग धरा. माकड, कोल्हा, मुंगूस अशा रानटी प्राण्यांचा चावा आपल्याकडे वर्ग ३ मध्येच धरतात. ज्यांची प्रतिकारशक्ती आजारामुळे किंवा औषधांमुळे दबलेली आहे, त्यांना वर्ग २ मध्येही सिरम द्यावं लागतं. स्टेरॉइड, कर्करोगाची औषधं किंवा क्लोरोक्विन चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

लस: किती डोस, कुठे, कधी?

पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचे दिवस गेले. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस आपल्या देशात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आजची लस पेशींवर वाढवलेल्या आणि मारलेल्या विषाणूपासून बनते. ती देण्याच्या दोन पद्धती आहेत:

- स्नायूत: पाच डोस. पहिला ज्या दिवशी मिळेल तो शून्यावा दिवस, मग ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. खासगी दवाखान्यांत बहुधा हीच पद्धत असते.
- त्वचेत: शून्य, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दर वेळी दोन्ही दंडांवर ०.१ मिली. सरकारी रुग्णालयांत बहुधा ही पद्धत वापरतात.

“सरकारी दवाखान्यात अर्धवट डोस देतात” अशी तक्रार बऱ्याचदा कानावर येते. ती गैरसमजातून येते. त्वचेत रोगप्रतिकारक पेशी दाटीने असतात, त्यामुळे तिथे थोड्याशा लसीनेही स्नायूतल्या पूर्ण डोसइतकंच संरक्षण मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत मान्य केलेली आहे. सुई नीट त्वचेत गेली की तिथे लहानसा फुगवटा उठतो. तो दिसला की डोस बरोबर बसला असं समजा.

लस मोठ्यांना दंडात आणि लहान बाळांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. नितंबात कधीही घेऊ नका. तिथल्या चरबीमुळे लसीचा परिणाम कमी होतो.

सिरम: सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी गोष्ट

वर्ग ३ च्या कितीतरी रुग्णांना लस मिळते, पण सिरमबद्दल कोणी सांगतच नाही. म्हणून तुम्हीच विचारा: “जखम तिसऱ्या वर्गातली आहे का? सिरम देणार आहात का?”

सिरमबद्दल एवढं लक्षात ठेवा:

- ते एकदाच द्यायचं असतं, शक्यतो लसीच्या पहिल्या डोससोबत. त्या दिवशी मिळालं नाही तर पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंत घेता येतं. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार होऊ लागतात आणि सिरमचा उपयोग राहत नाही.
- ते जखमेत आणि जखमेच्या कडेने भरायचं असतं. नुसतं दंडात टोचलं तर जखमेतला विषाणू मोकळाच राहतो. हे दुखतं. लहान मूल रडेल, तुमचा जीव कासावीस होईल, पण त्या क्षणी हात मागे घेऊ नका.
- जखमा अनेक असतील तर प्रत्येकीत सिरम गेलं पाहिजे. त्यासाठी सलाइनमध्ये मिसळून त्याचं प्रमाण वाढवता येतं.
- मात्रा वजनावरून ठरते. म्हणून डॉक्टरांना रुग्णाचं वजन अंदाजाने नव्हे, नेमकं सांगा.

सिरम तीन प्रकारचं मिळतं: घोड्याच्या रक्तापासूनचं, माणसाच्या रक्तापासूनचं आणि प्रयोगशाळेत तयार केलेली एकसारखी प्रतिपिंडं. तिसरा प्रकार हा या क्षेत्रातला अलीकडचा मोठा बदल आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मॅसबायोलॉजिक्स या संस्थेसोबत असं औषध विकसित केलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या शिफारशींत अशा प्रतिपिंडांच्या वापराला पाठिंबा दिला. ती बनवायला घोडे किंवा रक्तदाते लागत नाहीत आणि प्रत्येक कुपीचा दर्जा सारखा राखता येतो. तुमच्या खिशाला परवडेल आणि वेळेत हाती येईल ते सिरम घ्या. महागडं मिळावं म्हणून थांबण्यापेक्षा उपलब्ध असलेलं आज घेतलेलं चांगलं. घोड्याच्या सिरमची क्वचित कोणाला तीव्र ॲलर्जी होऊ शकते. ते घेतल्यावर निदान अर्धा तास दवाखान्यातच थांबा.

कुत्र्यावर दहा दिवस लक्ष, पण उपचार आजच

पिसाळलेल्या कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लाळेत विषाणू येतो तो त्याची लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी. म्हणून चावणारा प्राणी दहा दिवस जिवंत आणि निरोगी राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं.

याचा अर्थ पुष्कळ जण उलटा लावतात आणि दहा दिवस वाट पाहतात. तसं करू नका. उपचार त्याच दिवशी सुरू करा आणि सोबत प्राण्यावर लक्ष ठेवा. दहाव्या दिवशी प्राणी ठीक असेल तर पुढचे डोस कमी करायचे का, ते डॉक्टर ठरवतील. स्वतःच्या मनाने थांबू नका.

लक्ष ठेवताना एवढं ध्यानात असू द्या की पिसाळलेलं कुत्रं दर वेळी अंगावर धावून येतंच असं नाही. काही कुत्री गप्प, अंधारात पडून राहतात, त्यांचा जबडा लोंबतो, आवाज घोगरा होतो, गिळता येत नाही. कुत्र्याला मारून टाकू नका. ते मेलं तर दहा दिवसांनी मिळणारं उत्तरही त्याच्यासोबत जातं. कुत्रं सापडलंच नाही तर ते पिसाळलेलं होतं असं धरून सगळे डोस पूर्ण करा. हा दहा दिवसांचा नियम कुत्रा आणि मांजर यांच्यापुरताच आहे, इतर प्राण्यांना लावू नका.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

पाळीव कुत्र्याला लस दिलेली आहे, तरी?
तरी. कुत्र्याची लस वेळेवर झाली का, तिचा परिणाम झाला का, याची खात्री घरबसल्या होत नाही. उपचार सुरू करा, लसीचं कार्ड डॉक्टरांना दाखवा आणि कुत्र्यावर लक्ष ठेवा.

डोस चुकला तर?
पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. आठवण झाली त्या दिवशी जा आणि राहिलेले डोस पूर्ण करा. गाव बदललं तर कार्ड सोबत न्या, उरलेले डोस दुसऱ्या दवाखान्यातही घेता येतात.

चावून महिना झाला, आता काय उपयोग?
उपयोग आहे. विषाणूला मेंदूपर्यंत पोचायला महिने लागू शकतात. लक्षणं नाहीत तोवर वेळ गेलेली नाही. आजच जा.

गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला लस चालते का?
चालते. सिरमही चालतं. लसीतला विषाणू मेलेला असतो. न घेण्यात मात्र आई आणि बाळ दोघांचा जीव धोक्यात येतो.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, ते पुरे ना?
नाही. धनुर्वात जिवाणूमुळे होतो, रेबीज विषाणूमुळे. ते इंजेक्शनही लागू शकतं, पण ते रेबीज रोखत नाही. प्रतिजैविकांचंही तसंच आहे. कुत्र्या-मांजराच्या दातांवरचे जिवाणू जखम पिकवतात, म्हणून खोल, विशेषतः हातावरच्या जखमेला डॉक्टर प्रतिजैविक देतात. ते जिवाणूंवर चालतं, रेबीजच्या विषाणूवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

पथ्य काय?
काहीच नाही. अंडं, मटण, खोबरं, सगळं खा. कडक पथ्याच्या धास्तीने लसच टाळण्यापेक्षा पोटभर जेवून डोस घ्या.

पूर्वी पूर्ण कोर्स झालेला आहे, पुन्हा चावलं तर?
जखम तितकीच नीट धुवा आणि जुनी कागदपत्रं घेऊन जा. शरीराच्या स्मरणपेशी जाग्या असतात, त्यामुळे बहुधा शून्य आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस पुरतात, सिरम लागत नाही.

उंदीर चावला तर?
घरातल्या उंदराच्या चाव्याला आपल्याकडे रेबीजची लस सहसा लागत नाही. जखम धुवा आणि धनुर्वातासाठी व इतर संसर्गासाठी डॉक्टरांना दाखवा.

पिसाळलेल्या गाईचं दूध प्यायलं तर?
उकळलेल्या दुधाने रेबीज होत नाही. कच्चं दूध एरवीही पिऊ नका.

उपचार घेऊनही घात कुठे होतो?

उपचार घेऊनही रेबीज झाल्याच्या घटना जगात फार थोड्या आहेत. गेल्या चार दशकांतल्या अशा घटनांचा संशोधकांनी एकत्र अभ्यास केला. त्यातून पुढे आलेली संभाव्य कारणं आपल्या ओळखीचीच आहेत: जखम नीट न धुणं, जखमेत सिरम न भरणं किंवा एखादी जखम सुटणं, लस-सिरमची हाताळणी चुकणं आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती मुळातच दबलेली असणं. काही रुग्णांत विषाणू थेट नसेतच शिरलेला असावा, असंही संशोधकांना वाटतं. तिथे आपला इलाज चालत नाही, बाकीच्या जागा मात्र आपण राखू शकतो. म्हणून डोक्यावर, केसांत, कानामागे लपलेल्या जखमा शोधून डॉक्टरांना दाखवा.

तुमचे हक्क

- महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. लस विचारायला आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा.
- रेबीजची लस आणि सिरम यांचा पुरेसा साठा सरकारी व खासगी रुग्णालयांनी कायम ठेवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला आहे. “साठा संपला, उद्या या” हे उत्तर मुकाट्याने ऐकून परतू नका.
- सिरम तिथे नसेल तर लसीचा पहिला डोस तिथेच घ्या, केस पेपरवर “सिरमसाठी पुढे पाठवले” असं लिहून घ्या आणि त्याच दिवशी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जा. जाण्याआधी तिथे सिरम आहे का, हे फोनवर विचारून देण्याची विनंती करा.
- लसीचं नाव, डोसच्या तारखा आणि सिरमची मात्रा लिहिलेलं कार्ड मागून घ्या आणि जपून ठेवा.
- खासगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद लावलेली असली पाहिजे. तपशीलवार बिल मागणं हा तुमचा हक्क आहे.
- अडवणूक झाली तर आधी वैद्यकीय अधिकारी, मग जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार करा. १०४ या आरोग्य हेल्पलाइनवरही विचारणा करता येते.
- मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. कुत्रं चावल्याची नोंद ग्रामपंचायतीकडे किंवा पालिकेकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

चावण्याआधी करायचं ते

माणसाला होणाऱ्या रेबीजचं मूळ बहुतेक सगळ्या वेळी कुत्र्यात असतं. वस्तीतल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूची साखळी तुटते. आपल्या शेजारच्या गोव्याने हे करून दाखवलं. तिथल्या व्यापक श्वान लसीकरणावरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक घटना ९२ टक्क्यांनी कमी झाल्याचं आणि त्या काळात माणसांमधला रेबीज राज्यातून हटल्याचं नोंदवलं आहे. तुमच्या सोसायटीत, वाडीवर लसीकरणाची गाडी आली तर तक्रार करू नका, कुत्री पकडायला मदत करा. घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस द्या आणि पुढे पशुवैद्यांच्या सल्ल्याने दर वर्षी. पशुवैद्य, कुत्री पकडणारे कर्मचारी किंवा मोकाट कुत्र्यांना रोज खाऊ घालणारे यांनी चावण्याआधीच लस घेऊन ठेवावी. कुत्र्यांचा उपद्रव असलेल्या भागात मुलांसाठीही बालरोगतज्ज्ञांशी याबद्दल बोला.

मुलांचा विषय शेवटी मुद्दाम घेतला आहे. संशयित पिसाळलेला प्राणी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के मुलं १५ वर्षांखालची असतात. मुलं कुत्र्याच्या पिल्लाशी खेळतात, बोचकारलं जातं आणि “आई ओरडेल” म्हणून गप्प बसतात. ओरखडा चार दिवसांत भरतो आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून आज जेवताना मुलांना एवढंच सांगा: कुत्रं, मांजर, माकड कुणीही चावलं, ओरबाडलं, तर लगेच येऊन सांगायचं, कुणीही रागावणार नाही. आणि मूल खरंच सांगायला आलं, तर दिलेला शब्द पाळा. त्याचा हात धरून त्याला आधी नळापाशी न्या.